हातबांधणीची मोटार आणि डार्विनचे नोंदणी-दप्तर

कारखान्यातून सिद्ध होऊन आलेली मोटार विकत घेणारा मनुष्य आणि सुटे भाग एकेक करून जमवून, सुट्टीचे दिवस आपल्या छपराखाली वेचून, स्वतःच्या हातांनी मोटार उभी करणारा मनुष्य, या दोघांनाही ती रस्त्यावर आणण्यापूर्वी सरकारी नोंदणीच्या एकाच खिडकीपाशी जावे लागते. परंतु पहिल्याच्या वतीने कारखानदाराने सर्व पुरावे आधीच दाखल केलेले असतात, आणि दुसऱ्याला आपली कैफियत पहिल्या अक्षरापासून स्वतः मांडावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, तिमोर समुद्राच्या काठी वसलेल्या डार्विन नगरात ही कैफियत ज्या रीतीने ऐकून घेतली जाते, ती आपल्याकडील हिकमती कारागिरांनी आणि त्यांच्याहूनही अधिक आपल्या परिवहन खात्याने समजून घेण्याजोगी आहे.

अशा मोटारींचा, ज्यांना तिकडे ‘किट कार’ म्हणतात, प्रसार मुळात एका कराच्या कलमामुळे झाला. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची हलकी, उघडी, दोन आसनांची गाडी सुट्या भागांच्या रूपाने विकावयास आरंभ केला, कारण ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर पडणारा खरेदीकर सुट्या भागांवर पडत नसे. १९७३ साली तो कर गेला आणि त्याच वर्षी त्या गाडीच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण एव्हाना स्वतः बांधण्याची गोडी करबचतीच्या पलीकडे पोचली होती. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बोलवेल बंधूंनी आपल्या गाड्या याच पद्धतीने विकल्या, १९७४ पासून ‘पर्व्हिस युरेका’ ही फोक्सवॅगन बीटलच्या तळावर बसणारी फायबरग्लासची गाडी बांधली जाऊ लागली, आणि शेल्बी कोब्रा या जुन्या वेगवान गाडीच्या प्रतिकृती बांधणाऱ्यांची परंपरा तर तेथे आजही अखंड आहे.

ऑस्ट्रेलिया हे संघराज्य असल्यामुळे मोटारीवर दोन सत्तांचा अंमल चालतो. गाडी कशी असावी हे ‘ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल्स’ या राष्ट्रीय नियमावलीत ठरते. तिला क्रमांक देण्याचा अधिकार ज्या त्या राज्याचा वा प्रदेशाचा असतो, आणि डार्विनमध्ये तो नॉर्दर्न टेरिटरी सरकारच्या मोटर व्हेइकल रजिस्ट्रीकडे आहे. मोठा कारखानदार नव्या नमुन्याच्या काही गाड्या मुद्दाम आदळून, मोडून आणि प्रयोगशाळेत चालवून नियमांची पूर्तता सिद्ध करतो, व त्या खर्चाचा भार पुढे हजारो गाड्यांवर वाटला जातो. ज्याच्यापाशी एकच गाडी आहे, त्याला ती आदळून दाखव असे सांगणे म्हणजे बांधूच नकोस असे सांगणे होय. ही अडचण ओळखून तेथील व्यवस्थेने व्यक्तीने बांधलेल्या वाहनाचा, म्हणजे ‘इंडिव्हिज्युअली कन्स्ट्रक्टेड व्हेइकल’चा, स्वतंत्र वर्ग मान्य केला आणि हलक्या वाहनांच्या बांधणीची जी राष्ट्रीय संहिता ‘व्ही.एस.बी. १४’ या नावाने ओळखली जाते, तिच्यात त्याच्यासाठी स्वतंत्र नियम घातले. ज्या नियमांची पूर्तता गाडीचा नाश केल्याशिवाय सिद्ध होत नाही, तेथे अभियंत्याचे हिशेब, अविनाशी चाचण्या किंवा मान्यताप्राप्त भागांचा उपयोग असा पर्यायी पुरावा ग्राह्य धरला जातो. कायद्याने कठोर असावे, पण अशक्य गोष्ट मागू नये, हे तत्त्व मला येथे प्रत्यक्ष राबविलेले दिसते, आणि म्हणूनच या व्यवस्थेविषयी मला मनापासून आदर वाटतो.

या वाटेवर सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही की, लोखंडाला पहिला टाका घालण्यापूर्वीच दप्तराशी पत्रव्यवहार करावा आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेला अभियंता नेमून घ्यावा. गाडी रंगवून, गाद्या शिवून, आरशासारखी चकचकीत करून मग अभियंत्यापुढे नेणारा मनुष्य पुष्कळदा निराश होतो, कारण चासीचे जोड, आसनपट्ट्यांचे खिळवणीबिंदू, ब्रेकच्या नळ्या आणि सुकाणूचे सांधे हे सारे तोवर झाकून गेलेले असतात, आणि न पाहिलेल्या जोडाची हमी कोणताही प्रामाणिक अभियंता देत नाही. चासी पिळल्यावर किती वळते याची मोजणी होते. अपघातात सुकाणूचा दांडा चालकाच्या छातीत घुसणार नाही अशी त्याची रचना लागते. समोरची काच पापुद्री, म्हणजे फुटली तरी तुकडे न उडणारी, हवी असते. ब्रेक वारंवार दाबून तापल्यावरही गाडी ठरलेल्या अंतरात थांबते की नाही हे पाहिले जाते. आवाजाचेही मापन होते. यांखेरीज इंजिन, गिअरबॉक्स, धुरे कोणाकडून घेतले त्याच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात, कारण चोरीचे भाग नव्या गाडीत लपून रस्त्यावर येऊ नयेत याची खातरजमा करणे हेही नोंदणी-दप्तराचे कर्तव्य आहे.

आता धुराच्या परीक्षेकडे वळू. आपल्याकडे पेट्रोलपंपाशेजारी उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये गाडीच्या सायलेन्सरात नळी घालून काही मिनिटांत पी.यू.सी.चा कागद मिळतो, आणि तो ठरावीक मुदतीने पुनःपुन्हा काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात खाजगी मोटारींसाठी अशी नियतकालिक धूरतपासणी नाही. तेथील सारा भर गाडी प्रथम रस्त्यावर येण्याच्या क्षणावर आहे, त्यामुळे हातबांधणीच्या मोटारीला द्यावी लागणारी ती एकच परीक्षा फार कसोटीची होते. उभ्या गाडीचे इंजिन संथ चालवून घेतलेले मापन आणि प्रत्यक्ष धावताना, वेग वाढविताना, मंदावताना बाहेर पडणाऱ्या वायूंचे मापन यांत मोठा फरक आहे. अशा वाहनांच्या तपासणीत उपयोगात आलेली ‘आय.एम. २४०’ ही चाचणी मूळची अमेरिकेतील असून, तिच्यात गाडीची चाके फिरत्या रोलरांवर ठेवून २४० सेकंदांचा, सुमारे तीन किलोमीटरांचा, ताशी सुमारे ९१ किलोमीटरांपर्यंत वेग चढणारा ठरीव प्रवास तिच्याकडून करवून घेतात, आणि त्या अवधीत निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडचे, न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे व नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे वजन किलोमीटरमागे किती पडले ते काढतात.

गाडीचे रूप कोणत्या काळचे आहे याच्याशी या परीक्षेला कर्तव्य नाही. अपवाद म्हणून १९४९ पूर्वीच्या धाटणीच्या ‘स्ट्रीट रॉड’ गाड्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे व वेगळ्या सवलती आहेत. परंतु १९६५ च्या कोब्राचा देह धारण केलेली गाडी आज बांधली असेल, तर तिने आजच्या काळाशी सुसंगत असाच धूर सोडला पाहिजे. २०१३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या, युरो ५ या युरोपीय मानकाशी समकक्ष असलेल्या नियमाची पेट्रोल गाडीसाठीची मर्यादा किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०६ ग्रॅम इतकी आहे, हे सांगितले म्हणजे दोन जुने कार्ब्युरेटर आणि उघडा सायलेन्सर लावून हे साधणे का असंभव आहे ते वाचकांच्या ध्यानात येईल. नेमके कोणते वर्ष आणि कोणता नियम आपल्या गाडीला लागू होतो, हे बांधणाऱ्याने आरंभीच लेखी ठरवून घ्यावे.

म्हणून अनुभवी बांधणारे एखादी अलीकडची अपघातग्रस्त गाडी विकत घेतात आणि तिचे इंजिन तेवढे न उचलता त्याचा सगळा परिवार उचलतात: त्याचा संगणक, हवेचे मापक, ऑक्सिजन सेन्सर, उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि टाकीतील वाफ शोषणारा कोळशाचा डबा. हा परिवर्तक फार मानी आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या पातळ लेपावर तिन्ही घातक वायूंचे एकाच वेळी रूपांतर व्हावयाचे, तर इंजिनात एक भाग पेट्रोलामागे १४.७ भाग हवा हे प्रमाण अगदी काटेकोर राखावे लागते, आणि ऑक्सिजन सेन्सर व संगणक ते क्षणोक्षणी राखीत असतात. शिवाय परिवर्तक सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. कोब्राच्या प्रतिकृतीत नेमकी येथेच गफलत होते, कारण त्या गाडीचे सौंदर्य तिच्या कुशीतून बाहेर काढलेल्या लांब धूरनळ्यांत मानले जाते, आणि त्या हौसेपायी परिवर्तक इंजिनापासून दूर गेला की त्याला तापावयास वेळ लागतो व चाचणीचे पहिलेच क्षण गाडीला नापास करू शकतात. उलट तो जवळ ठेवावा, तर फायबरग्लासच्या पातळ देहाला आणि प्रवाशाच्या पायांना त्याची आच लागू नये म्हणून उष्णतारोधक पत्र्यांची योजना करावी लागते. ज्या इंजिनात एके काळी शिसेयुक्त पेट्रोल जळत असे, त्याला हा परिवर्तक जोडताच येत नसे, कारण शिसे त्या धातूंचा लेप निकामी करते. ऑस्ट्रेलियात १९८६ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना शिसेरहित इंधन आवश्यक झाले, यामागे हेही एक मोठे कारण होते.

डार्विनमध्ये या सगळ्याला हवामानाची आणि अंतराची जोड मिळते. बारमाही ३० अंशांच्या वर चढणाऱ्या उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोलची वाफ सतत सुटत असते. ती कोळशाच्या डब्यात अडवून इंजिन चालू झाल्यावर पुन्हा त्यातच जाळावयाची, ही व्यवस्था थंड मुलखातील बांधणारा कदाचित दुय्यम मानील, पण उष्ण कटिबंधात तिचे महत्त्व धूरनळीच्या बरोबरीचे आहे. दुसरी गोष्ट अंतराची. उत्सर्जनाच्या मोठ्या प्रयोगशाळा मेलबर्न-सिडनीच्या परिसरात एकवटलेल्या, आणि डार्विनहून मेलबर्न रस्त्याने पावणेचार हजार किलोमीटर. नोंदणी नसलेली गाडी तेथवर चालवीत नेणे सोपे नसते, ती बहुधा दुसऱ्या वाहनावर लादूनच न्यावी लागते. अशा स्थितीत मूळ कारखान्याची प्रमाणित धूरयंत्रणा जशीच्या तशी ठेवणे ही तेथे खर्च वाचविण्याची उत्तम युक्ती ठरते. जो विजेवर चालणारी गाडी बांधतो त्याची धुराच्या परीक्षेतून सुटका होते खरी, परंतु बॅटऱ्यांची खिळवण, उच्च दाबाच्या तारांचे आवरण आणि संकटकाळी प्रवाह तोडण्याची सोय यांचे स्वतंत्र नियम त्या जागी उभे राहतात.

अभियंत्याचा दाखला हाती आल्यावर गाडीची रस्तायोग्यता तपासली जाते, तिचे वजन होते, ओळख-क्रमांक चासीवर कोरला जातो, सक्तीच्या अपघात-भरपाई योजनेची वर्गणी भरली जाते, आणि मग गेरूच्या रंगाची अक्षरे असलेली नॉर्दर्न टेरिटरीची पाटी तिला लाभते. त्या पाटीवर ती स्टुअर्ट महामार्गाने दक्षिणेस निघू शकते, जेथे काही पट्ट्यांत ताशी १३० किलोमीटर वेगाची मुभा आहे. ब्रेकांविषयी आणि चासीविषयी दप्तर एवढे आग्रही का, याचे उत्तर त्या रस्त्यावर मिळते.

हातबांधणीच्या गाड्यांशी डार्विनचा परिचय आणखी एका मोठ्या निमित्ताने आहे. १९८७ पासून तेथून ॲडलेडपर्यंत, सुमारे तीन हजार किलोमीटर, सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा भरत आली आहे. पहिल्या वर्षी जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ने ती ताशी सुमारे ६७ किलोमीटरांच्या सरासरीने जिंकली, आणि २०१३ पासून एकाहून अधिक प्रवासी नेणाऱ्या व्यवहारोपयोगी गाड्यांचाही वर्ग तिच्यात आला. विद्यापीठांतील तरुणांनी बांधलेल्या या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर, लांबलचक मालट्रकांच्या शेजारून धावतात. म्हणून निघण्यापूर्वी त्यांची कसून तपासणी होते, आणि हिडन व्हॅलीच्या धावपट्टीवर ब्रेक, वळण व स्थैर्य यांची परीक्षा द्यावी लागते.

आता आपल्या घराकडे पाहू. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास आरंभ करून १९७० च्या दशकापर्यंत ‘मीरा’ ही छोटी मोटार पुनःपुन्हा सुधारून बांधली, पण ती कारखान्यात मोठ्या संख्येने कधीच निघू शकली नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातील भाग जोडून सुमारे ६० हजार रुपयांत चारचाकी उभी केली, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या अधिकारी थांबवतील हे ओळखून, तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो गाडी देऊ केली, आणि पुढच्याच महिन्यात ती दिली. त्यांचे औदार्य मोठे होते, आणि त्यांचे निदानही अचूक होते. आपल्या आर.टी.ओ.त गाडीचे पासिंग करावयाचे तर प्रदूषण, सुरक्षितता व रस्तायोग्यता यांविषयीचा नमुना २२ चा दाखला निर्मात्याने द्यावा लागतो. निर्मात्याने केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे आपल्या गाडीचा नमुना पुण्याची ए.आर.ए.आय., अहिल्यानगरची व्ही.आर.डी.ई. यांसारख्या संस्थांकडून तपासून घ्यावयाचा असतो. आणि एकदा नोंदलेल्या गाडीत निर्मात्याच्या तपशिलाविरुद्ध फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम अटकाव करते. एकच गाडी बांधणाऱ्या इसमाला सहज जाता येईल अशी वाट या रचनेत नाही.

अशी वाट पाडणे अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले आणि त्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे दिली. जुन्या गाडीसाठी जो वर्ग होऊ शकतो, तो हातबांधणीच्या गाडीसाठीही होऊ शकेल: बांधणीपूर्वी नकाशाला मंजुरी, टप्प्याटप्प्याने अधिकृत अभियंत्याची पाहणी, प्रमाणित गाडीचे इंजिन संपूर्ण धूरयंत्रणेसह घेण्याची अट, वर्षाला ठरावीकच परवाने. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. आहे, तिच्यापाशी रोलर आहेत, वायुमापक आहेत, तज्ज्ञ आहेत. राज्याच्या परिवहन खात्याने या संस्थेला सोबत घेऊन असा मसुदा केंद्राकडे पाठवावा. आणि ज्या वाचकांच्या गावी एखादा कारागीर छपराखाली गाडी बांधीत बसला असेल, त्यांनी वेल्डिंगचे जोड रंगाखाली जाण्यापूर्वीच जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाला त्याच्याकडे घेऊन जावे.