आठवडे बाजार : एकटीची पाटी आणि गटाची ताडपत्री

आपल्या जिल्ह्यात वार सांगितला की बाजार आठवतो. बुधवार म्हटलं की लोणी, शुक्रवार म्हटलं की घोडेगाव, शनिवार म्हटलं की काष्टी. ही गावं जनावरांच्या बाजारासाठी लांबलांबपर्यंत ठाऊक आहेत. पण आज आम्ही बोलणार आहोत ते भाजीपाल्याच्या बाजूबद्दल, कारण तिथे गोणपाट अंथरून बसलेल्या बायांमध्ये आपल्या गटांतल्या कितीतरी जणी असतात. आठवडे बाजाराला माणसं एवढी का येतात, आणि तिथे दिवसभर बसून आपल्या हातात नेमकं काय पडतं, हे आज समजून घेऊ.

आधी वाराचं बघू. एका खेड्यात रोज भाजी घेणारं गिऱ्हाईक कितीसं असणार? पण आठवड्यातून एकदा आसपासच्या दहा-पंधरा गावांची माणसं एका ठिकाणी जमली, तर विकणाऱ्याचीही सोय होते आणि घेणाऱ्याचीही. शेजारच्या गावांनी वेगवेगळे वार धरले, म्हणून मसाल्यावाला, बांगडीवाली, भेळभत्तेवाला रोज नव्या गावी पाल ठोकू शकतो. शेतमजुरांचा पगारही बाजाराच्या दिवशी करायची चाल कितीतरी गावांत आहे. त्यामुळे दुपारनंतर गर्दी वाढते. दिवस कलला की भाव उतरतो, आणि हातावर पोट असलेली बाई त्याच वेळी बाजार करायला येते. बाजार सगळ्यांना परवडतो तो असा.

आता भाजी दुकानातही मिळते, शहरात तर मोबाईलवरून घरपोच येते. तरी लोक बाजाराला येतात. का? तिथे माल हाताळून बघता येतो. दहा जणी ओळीने बसलेल्या असतात, त्यामुळे भाव कुणाला लपवता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विचारता येतं. "मावशी, ही वांगी भरायला चालतील का?" "काकू, चाकवतात डाळ घालायची की ताक?" पावसाळ्यात अकोल्याच्या डोंगराकडच्या बाया रानभाज्या घेऊन उतरतात, तेव्हा नव्या गिऱ्हाइकाला भाजीबरोबर ती कशी निवडायची, कशी करायची हेही सांगावं लागतं. ते सांगणारी बाई पाटी लवकर रिकामी करते, हे आम्ही नेहमी पाहतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवड्याचे गावरान वाण जपले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि तेव्हापासून "गावरान आहे का?" हा प्रश्न बाजारात जास्त ऐकू येतो असं आम्हाला वाटतं. हो म्हणायचं तर ते खरं असलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक समोर येणार असतं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. बाजारात बसणारी प्रत्येक बाई शेतकरी नसते. कितीतरी जणी पहाटे बाजार समितीत लिलावाचा माल घेतात आणि दिवसभर विकतात. त्यांना कुणी 'दलाल' म्हटलं की आम्हाला राग येतो. पहाटे तीनला उठून, पदरचे पैसे घालून, उरलेला माल नासला तर तोटा एकटीने सोसणारी बाई काही फुकटचं खात नाही. फक्त घेतलेल्या मालाला 'आमच्या शेतातला' म्हणू नये, एवढंच.

आता हिशोब. भाव रोज बदलतो, म्हणून हे आकडे फक्त समजण्यासाठी धरा. मेथीच्या १०० जुड्या आहेत. लिलावात जुडीला ५ रुपये मिळाले, तर झाले ५०० रुपये. टेम्पोभाडं आणि हमाली मिळून ८० गेले, उरले ४२०. तोच माल बाजारात नेला. सकाळी भवानी झाल्यापासून ६० जुड्या १० रुपयांनी गेल्या, म्हणजे ६००. दुपारनंतर २५ जुड्या ७ रुपयांनी, म्हणजे १७५. १५ जुड्या सुकल्या, त्या घरी शेळ्यांपुढे. एकूण आले ७७५. त्यातून जाण्यायेण्याचे ६०, जागेचे २०, चहापाण्याचे २० काढा. उरले ६७५.

म्हणजे बाजारात २५५ रुपये जास्त मिळाले. ऐकायला बरं वाटतं. पण त्यासाठी एका बाईचा सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंतचा दिवस गेला. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली असती तरी जवळपास तेवढाच रोज पडला असता. तेव्हा एकटीने एकच भाजी घेऊन बसलं, तर हातात पडते ती मजुरी. हे कुणी नीट मांडून सांगत नाही, आणि मग दोन महिन्यांनी बाया थकून बाजार सोडतात.

गटाने बसलं की गणित पालटतं. पाच जणींचा माल, बसायला दोघी. बाकी तिघींचा दिवस मोकळा. टेम्पो एक, जागा एक, वजनकाटा एक. शिवाय एकाच ताडपत्रीवर मेथी, वांगी, मिरची, लिंबू, गवार दिसली की गिऱ्हाईक थांबतं आणि एका जागी पिशवी भरून घेतं. बसणाऱ्या दोघींना मात्र त्यांचा रोज आधी काढून द्यायचा. त्यावरून आम्ही गट फुटताना पाहिलेत. कुणी किती माल दिला हे सकाळी निघतानाच वहीत लिहायचं, आणि उरलेल्या मालाचा तोटा ज्याचा त्याचा की सगळ्यांचा, हे पहिल्या बाजाराच्या आधी बैठकीत ठरवायचं. संध्याकाळी दमलेल्या अंगाने ठरवायला गेलं की भांडणच होतं.

लिलावाला माल पाठवणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवा. फळं आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम २०१६ साली आला. तुमच्या पट्टीवर अडत कापलेली दिसली तर विचारा. त्याच वर्षी कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना सुरू केली. त्यात शेतकरी आणि शेतकऱ्यांचे गट शहरात थेट गिऱ्हाइकाला विकतात.

मापाचं थोडं. आपल्या आज्या अजून मापटं, शेर, पायली बोलतात. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बोलायला ते गोड आहे, पण विकताना वजन किलोचंच आणि काट्यावर सरकारी शिक्का हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दरवर्षी, साध्या तागडीची आणि वजनांची दोन वर्षांनी करून घ्यायची असते. दगडाचं वजन चालत नाही. शेतातल्या भाजीला काही परवाना लागत नाही. पण गटाचं लोणचं, पापड, मसाला विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या.

जागेचे पैसे ग्रामपंचायत घेते. पुष्कळ गावांत ती वसुली लिलावाने ठेकेदाराला दिलेली असते. दर ठरलेला असतो, आणि पैसे दिले की पावती मागायची. एका बाजारात आमच्या बायांकडून पावती न देता जास्त पैसे घेतले जात. सगळ्या जणींनी एकदम पावती मागितल्यावर दर खाली आला. शहरात बसणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यातल्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया असाव्या लागतात.

शेवटचं, जे बाया माइकसमोर बोलत नाहीत. बाजाराच्या दिवशी आपण पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. उन्हाळ्यात दहा-अकरा तास. मग उन्हाळी लागते, चक्कर येते, आणि दोष उन्हाला. बाजाराची वसुली हे पंचायतीचं उत्पन्न आहे. त्या पैशातून बाजारतळावर बायांसाठी स्वच्छतागृह, नळ आणि थोडी सावली मागता येते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथे हा ठराव लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तो वाचला जातो का, तेही बघायला बसा.

पुढच्या गटबैठकीला येताना एका बाजाराचा हिशोब लिहून आणा: माल किती नेला, कोणत्या भावाने किती गेला, उरला किती, भाडं किती, आणि किती तास बसलात. तास लिहायला विसरू नका.