स्त्रियांच्या बाहूंची श्रमसहिष्णुता : वय आणि मापनाचा प्रश्न

वेणी घालताना, वलणीवर धुणे वाळत टाकताना किंवा फळीवरचा डबा उतरवताना हात काही काळ खांद्याच्या वर उचलून धरावे लागतात. निरोगी तरुण स्त्रीच्या हे ध्यानातही येत नाही. तीच कामे करताना एखाद्या साठीच्या स्त्रीचे हात भरून आले, तर तो वयाचा परिणाम समजावा की रोगाचा, असा प्रश्न वैद्यापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर द्यावयाचे तर त्या वयाच्या निरोगी स्त्रीचे हात किती वेळ तग धरतात, हे आधी ठाऊक असावे लागते. वरवर पाहता ही माहिती मिळवणे सोपे वाटते. हाती वजन द्यावे आणि घड्याळ लावावे, एवढेच. वस्तुतः घोटाळा त्या वजनापासूनच सुरू होतो.

स्नायूंच्या थकव्याचे पद्धतशीर मापन इटलीतील तूरीन येथे आंजेलो मॉस्सो या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केले. त्याच्या ‘एर्गोग्राफ’ या यंत्रात हात पट्ट्यांनी जखडून ठेवीत आणि मधल्या बोटाने दोरीला टांगलेले वजन ठरावीक लयीत पुनःपुन्हा ओढावयास लावीत. प्रत्येक ओढीची उंची कागदावर उमटे आणि ओढी क्रमाने खुज्या होत जाऊन शेवटी रेषा सपाट होई. थकव्याविषयीचा त्याचा ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक व्यक्तीच्या थकव्याची रेषा तिच्या हस्ताक्षरासारखी निराळी असते, हे त्याच्या लक्षात आले होते. मात्र दोन व्यक्तींची तुलना करताना दोघींना एकच वजन द्यावे की दोघींच्या बळाच्या मानाने वेगवेगळे द्यावे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व स्नायूच्या रक्तपुरवठ्यात दडलेले आहे. आकुंचन पावलेला स्नायू आपल्याच पोटातील रक्तवाहिन्यांना दाबतो. ओढ जितकी जोराची तितका दाब अधिक, प्राणवायूचा पुरवठा तितका अपुरा आणि थकवा तितका लवकर. जर्मनीतील रोमर्ट याने १९६० मध्ये यासंबंधी जो आलेख मांडला तो पुढे फार प्रसिद्ध पावला. स्वतःच्या महत्तम बळाच्या निम्म्या बळाने धरलेले ओझे सुमारे १ मिनिट पेलते आणि बळाच्या १५ टक्क्यांहून हलके ओझे जवळजवळ हवा तितका वेळ धरता येते, असे त्यावरून मानले जाई. हे शेवटचे विधान जरा उदारच होते. त्याहून हलक्या ओझ्यानेही कालांतराने थकवा येतो, हे पुढील संशोधनात दिसून आले.

तुलनेची अट बदलली की निष्कर्ष कसा पालटतो, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत सँड्रा हंटर आणि रॉजर एनोका यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण स्त्री-पुरुषांना कोपर वाकवणाऱ्या स्नायूंनी स्वतःच्या महत्तम बळाचा २० टक्के जोर सतत टिकवून धरावयास सांगितले होते. स्त्रिया पुरुषांपेक्षा पुष्कळच अधिक वेळ टिकल्या! पुढे समान बळाचे स्त्री-पुरुष निवडून तोच प्रयोग केला तेव्हा हा फरक उरला नाही. बलवान स्नायूचे २० टक्के म्हणजे प्रत्यक्षात मोठे ओझे. त्यामुळे तो स्वतःच्या रक्तवाहिन्या अधिक दाबतो, असा याचा उलगडा केला जातो. स्त्री ‘नाजूक’ म्हणून लवकर थकणार, ही समजूत निदान या कसोटीवर टिकत नाही.

वयाची गोष्ट थोडी निराळी आहे. साधारणतः पन्नाशीनंतर स्नायूंचे बळ स्पष्टपणे उतरू लागते. जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक बारीक होतात आणि सावकाश पण चिवटपणे काम करणाऱ्या तंतूंचा वाटा त्या मानाने वाढतो. परिणामी, स्वतःच्या बळाच्या ठरावीक हिश्शाने स्थिर ओझे धरावयाचे असेल, तर वृद्ध व्यक्ती तरुणांच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्याहूनही अधिक वेळ टिकते. वेगाने हात हलवावयाचा असेल, तर मात्र ती मागे पडते.

तेव्हा वयाबरोबर सहिष्णुता घटत नाही असे म्हणावे काय? प्रयोगशाळेत तसे म्हणता येईल, स्वयंपाकघरात म्हणता येणार नाही. समजा, एका स्त्रीला पंचविसाव्या वर्षी कोपर वाकवून जास्तीत जास्त १५ किलो पेलता येत होते आणि पंचाहत्तराव्या वर्षी ९ किलो पेलता येतात. ३ किलोचे पातेले तिच्या बळाचा पूर्वी पाचवा हिस्सा होते, आता तिसरा हिस्सा झाले. पातेले काही तिच्या वयाबरोबर हलके होत नाही. शिवाय रिकामा हातही ओझेच आहे. संपूर्ण हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के भरते. म्हणजे ६० किलो वजनाची स्त्री हात समोर आडवा धरते तेव्हा काहीही न उचलता ३ किलो पेलत असते. हात जितका लांब, तितका खांद्यावरील ताणही अधिक.

एकच वजन सर्वांना देणाऱ्या कसोट्यांपैकी अधिक प्रचारात आलेली कसोटी कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे रिकली आणि जोन्स यांनी सिद्ध केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची कोष्टके ६० ते ९४ वयाच्या सात हजारांहून अधिक व्यक्तींच्या मापनावर आधारलेली आहेत. स्त्रीने खुर्चीत बसून ५ पौंडांचे, म्हणजे सुमारे २.२७ किलोचे वजन ३० सेकंदांत कोपर वाकवून किती वेळा उचलले, ते मोजावयाचे. ६० ते ६४ वयाच्या मधल्या निम्म्या स्त्रिया १३ ते १९ वेळा, तर ९० ते ९४ वयाच्या ८ ते १३ वेळा वजन उचलतात. आकडे उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु ही कसोटी तरुणींना लावली तर ती मुख्यतः चपळाई मोजील आणि अतिवृद्धेच्या बाबतीत बळच मोजील. नाव एक, मापन दोन!

‘निरोगी’ कोणास म्हणावे, हाही प्रश्न आहेच. ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या पायांनी प्रयोगशाळेत येणारी स्त्री तिच्या पिढीतील सुदृढांपैकी असते. पिढ्यांचा फरक त्याहून अवघड. महाराष्ट्राच्या खेड्यांत आज ऐंशी ओलांडलेल्या कित्येक स्त्रियांनी तारुण्यात पहाटे जाते ओढले आहे, विहिरीचे पाणी शेंदले आहे. त्यांच्या नातींना दळण गिरणीतून मिळाले. आजी आणि नात यांची एकाच दिवशी मोजणी केली, तर दिसणारे अंतर किती वयाचे आणि किती जात्याचे, हे त्या मोजणीवरून सांगता येत नाही. त्याच स्त्रीला दहा-वीस वर्षांनी पुन्हा मोजणे हाच खरा उपाय. तो खर्चिक असल्याने क्वचितच अवलंबिला जातो.

हा खटाटोप कशासाठी, ते फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या रुग्णांवरून ध्यानात येते. अशा रुग्णास चालताना त्रास होत नसला, तरी आधाराविना हात उचलताच धाप लागू शकते. कारण खांद्याभोवतीचे जे स्नायू त्यास एरवी श्वास घेण्यास मदत करीत असतात, तेच आता हात पेलण्यात गुंततात. बार्टोलोमे चेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिले. तेव्हापासून खुंट्यांवरील कड्या ६ मिनिटे वरखाली करावयाची कसोटी किंवा हलकी कांब क्रमाने अधिकाधिक उंचीवर नेण्याची कसोटी, अशा हात अधांतरी ठेवून करावयाच्या कसोट्या प्रचारात आल्या. त्यांत खुंट्यांची उंची बाईच्या खांद्यावरून ठरवितात, आणि ती थांबली की हाताचा थकवा किती व धाप किती, हे दोन्ही स्वतंत्रपणे विचारून नोंदवितात. निरोगी स्त्री बहुधा हाताचेच नाव सांगते.