गाणी आपली, कानही आपलेच



संध्याकाळी दर्यापूर-बनोशातल्या कोणत्याही बस्तीत एक चक्कर मारा आणि घराघरांत विचारा, "सध्या काय ऐकता?" आजी प्रल्हाद शिंदे यांचं नाव घेईल. भाकरी थापता थापता आई आनंद-मिलिंद शिंदे यांची जुन्या कॅसेटमधली गाणी लावेल. नातवाच्या मोबाईलवर आदर्श शिंदे असतील. म्हणजे आपल्या घरात तीन पिढ्या आणि गाणाऱ्याच्या घरातही तीनच: आजोबा, मुलं आणि नातू. कुणी कडूबाई खरात यांची एकतारीवरची गाणी ऐकत असेल, कुणी नव्या पोरांचं रॅप. कुणाच्या घरी सकाळ बुद्धवंदनेनं सुरू होत असेल.

ही आवड चांगलीच आहे. गाण्यानं मन हलकं होतं, दिवसभराचा शीण उतरतो, घरातली माणसं जवळ येतात. बाबासाहेबांनाही संगीताची ओढ होती. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. तेव्हा गाणं बंद करा, असं हे आरोग्याचं पान सांगणार नाही. ते ऐकताना कान कसा जपायचा, एवढंच आज पाहू.

बदल कुठं झाला?

पूर्वी घरात एकच रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर असे. तो फळीवर असायचा आणि सगळं घर एकच गाणं ऐकायचं. आता प्रत्येकाचा मोबाईल वेगळा आणि गाणंही वेगळं. एकमेकांना त्रास नको म्हणून इअरफोन आले. यात दोन गोष्टी बदलल्या. आवाज फळीवरून थेट कानाच्या नळीत आला. आणि ऐकण्याचा वेळ वाढला. कामावर जाताना, अभ्यास करताना, झोपतानाही गाणं चालूच असतं.

कानाला इजा होते ती आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोन्हींच्या हिशेबानं.

कान ऐकतो कसा?

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते. पडद्यामागं हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवली हाडं आहेत. ती ही थरथर आत पोहोचवतात. आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, पाण्यासारख्या द्रवानं भरलेली नळी असते. तिच्यात एका कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या डोलल्या की मेंदूला संदेश जातो आणि आपल्याला ऐकू येतं.

धुऱ्यावरच्या गवतावरून एकदा माणूस गेला तर गवत वाकतं, पण सकाळपर्यंत पुन्हा उभं राहतं. रोज बैलगाडी गेली तर तिथं चाकोरी पडते, गवत उगवत नाही. केसपेशींचं तसंच आहे. डीजेसमोर दोन तास नाचून घरी आल्यावर कानात गुंईऽऽ वाजतं, बोलणं दबलेलं वाटतं. हे त्या पेशी वाकल्याचं लक्षण. एक-दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून आपण विसरतो. पण असं वारंवार झालं की पेशी मरतात. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्यावर गोळी नाही, ऑपरेशन करूनही ती परत आणता येत नाही.

आधी जातात ते शब्द

नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच स्वर ऐकतात. मोठ्या आवाजानं बहुतेक वेळा याच पेशी आधी खराब होतात. ढोलकीचा ठेका, डीजेचा धक्का, 'आ' आणि 'ओ' हे जाड आवाज ऐकू येतच राहतात. पण स, श, फ, त, क, च ही व्यंजनं निसटू लागतात. मग 'कान', 'पान' आणि 'तान' सारखेच वाटतात. म्हणूनच असा माणूस म्हणतो, "आवाज तर येते बाप्पा, पन काय म्हन्ते ते समजत नाही." घरचे समजतात की याचं लक्ष नाही, आणि त्यालाही वाटतं की लोकच पुटपुटतात.

आपल्याला हे जास्त लागलं पाहिजे, कारण आपलं गाणं शब्दांचं गाणं आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) लहानपणी शाळा शिकले नव्हते. मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि पुढं हजारो गाणी लिहिली, गावोगाव गायली. त्यांच्याआधी १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे जलसे गावोगाव फिरत. ऐकणाऱ्या कितीतरी आयाबायांना वाचता येत नव्हतं. बाबासाहेबांचा विचार त्यांच्यापर्यंत कानावाटे पोहोचला. कान हीच त्यांची शाळा होती. आज आपण ती गाणी इतक्या मोठ्यानं लावतो की ठेका उरतो आणि शब्द हरवतात. असंच चालू राहिलं, तर पुढं शांत खोलीतही ते शब्द कानाला सापडणार नाहीत.

किती आवाज, किती वेळ?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. पुढचा हिशेब ध्यानात ठेवा: आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो.

- ८० डेसिबल: आठवड्यात ४० तास
- ८३ डेसिबल: २० तास
- ८६ डेसिबल: १० तास
- ८९ डेसिबल: ५ तास
- ९५ डेसिबल: फक्त सव्वा तास

इअरफोनचा आवाज पूर्ण वाढवला तर बरेच मोबाईल १०० डेसिबलपर्यंत किंवा त्याच्याही वर जातात. तिथं आठवड्याचा कोटा २० मिनिटांत संपतो. मग उरलेला आठवडा कान कर्जावर चालतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. जिनिंगमध्ये, थ्रेशरवर, पिठाच्या गिरणीत किंवा बँड पथकात काम करणाऱ्याच्या कानावर दिवसभर आवाज आदळलेला असतो. त्याचा कोटा कामावरच संपतो. घरी आल्यावर त्याच्या कानाला गाण्याआधी काही तासांची शांतता हवी.

घरात काय करायचं?

- रात्री घर शांत असताना मोबाईलवर गाणं लावा. शब्द स्वच्छ कळतील इतकाच आवाज ठेवा आणि पट्टी कुठं आहे ते पाहून ठेवा. तीच तुमची रेघ. एसटीत किंवा रस्त्यावर तिच्यावर जावं लागत असेल, तर गाणं नंतर ऐका.
- एरवीही आवाजाची पट्टी निम्म्याच्या थोडी वर, म्हणजे ६० टक्क्यांच्या पुढं नेऊ नका. बऱ्याच मोबाईलमध्ये आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते. पोरांच्या मोबाईलवर ती लावून द्या.
- शेजारी बसलेल्याला तुमच्या इअरफोनमधलं गाणं ऐकू येत असेल, तर आवाज जास्त आहे.
- इअरफोन घालून झोपू नका. झोपेत सहा-सात तास कानाला उसंत मिळत नाही.
- कान वाहत असेल तर त्या कानात इअरफोन घालू नका. एकाचा इअरफोन दुसऱ्यानं वापरू नये. द्यावाच लागला तर पुसून द्या.
- सायकल, मोटारसायकल चालवताना किंवा रस्ता ओलांडताना इअरफोन काढा. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा.
- शक्य असेल तेव्हा इअरफोन ठेवा आणि छोट्या स्पीकरवर हळू आवाजात सगळे मिळून ऐका.

मिरवणुकीत आणि कार्यक्रमात

हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज कानाला धोक्याचा आहे असं समजा. स्पीकरपासून दूर सरका. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. अधूनमधून १०-१५ मिनिटं बाजूला जा. तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला डीजेजवळ नेऊ नका आणि लेकराला खांद्यावर घेऊन स्पीकरसमोर उभं राहू नका. आपला मुलूख कापसाचा. पण कानात घातलेला कापसाचा बोळा आवाज फार थोडा अडवतो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग त्यापेक्षा बरे.

कायदाही ठाऊक असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देतं. हा नियम सगळ्यांच्या मिरवणुकांना लागू आहे. जयंतीच्या समितीनं बैठकीतच ठरवलं की आवाज शब्द कळतील इतकाच ठेवायचा, तर बस्तीतलं तान्हं लेकरू, आजारी माणूस आणि परीक्षेचा विद्यार्थी, सगळ्यांचीच सोय होईल.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा; फार तर तीन दिवसांच्या आत. उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो. याशिवाय कानातली शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही, कान वाहत असेल, चक्कर येत असेल, पोर हाक मारल्यावर वळत नसेल किंवा बोलायला उशीर करत असेल, घरातलं माणूस टीव्हीचा आवाज सतत वाढवत असेल, तरीही दाखवा. कानात तेल ओतू नका. काडी, हेअरपिन किंवा किल्ली घालू नका. मळ बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतो.

आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा. पुढची तपासणी अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात (आपलं इर्विन) किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात होते. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा लेकराच्या कानाबद्दल आवर्जून सांगा. ऐकणं बरंच कमी झालं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट पूर्ण करून केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. यंत्र लावायला लाजू नका. चष्म्याची लाज वाटत नाही, मग याची का? ज्याला ऐकू येत नाही तो माणूस हळूहळू गप्प होतो, चारचौघांत बसणं सोडतो. उपचार न केलेल्या बहिरेपणामुळं म्हातारपणी विसरभोळेपणाचा आजार होण्याचा धोकाही वाढतो.

रविवारचा एक तास

शेवटी एक सोपी गोष्ट. रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. प्रत्येकानं सध्या आपण ऐकत असलेलं, बाकीच्यांना नवं असलेलं एक गाणं लावायचं. मोबाईल मधोमध, आवाज कमी आणि टीव्ही बंद. गाणं संपलं की ज्यानं त्यानं कळलेले शब्द सांगायचे. आजीला नातवाचं रॅप कळेल आणि नातवाला आजीच्या गाण्यातला अर्थ. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे. पण एखाद्याला ठेका सांगता येतो आणि शब्द मात्र दर वेळी निसटतात, असं दिसलं तर त्याला हसू नका. त्याला घेऊन रुग्णालयात जा.