फिरते घर आणि अरण्याची वेस

मुक्काम हा शब्द मराठी माणसाच्या रक्तातला आहे. कूच, तळ, छावणी, राहुटी या शब्दांवर मराठी इतिहासाची कितीतरी पाने उभी आहेत. जेथे दिवस मावळेल तेथे तळ द्यावा आणि उजाडताच पुढील मजल गाठावी, ही रीत एके काळी फौजांची होती, व्यापाऱ्यांच्या तांड्यांची होती आणि यात्रेकरूंचीही होती. आगगाडी आली, धर्मशाळांच्या जागी हॉटेले आली, आणि मुक्काम हा प्रवासाचा स्वतंत्र आनंद न राहता केवळ झोपेची सोय झाला. अलीकडे मात्र स्वयंपाकघर, बिछाने आणि स्नानगृह यांसह चालणाऱ्या मोटारगाडीने, म्हणजे कॅरॅव्हॅनने, ही जुनी हौस पुन्हा जागी केली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी धोरण आखले. कर्नाटकातही ही फिरती घरे भाड्याने मिळू लागली आहेत. या घराचा सर्वांत मोठा मोह असतो तो अरण्यात जाऊन राहण्याचा. त्या मोहाचे नियोजन कसे करावयाचे, आणि घर कोठे थांबवावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

बंगळूरच्या चिकपेटेतील एखादे मराठी कुटुंब असा बेत करीत आहे, असे समजू. चिकपेट हा केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेल्या जुन्या नगराचा गाभा. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतले आणि हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. तेव्हापासून या पेठांतून मराठी कानी पडू लागली. पुढे सत्ता गेली, पण भाषा राहिली. नामदेव शिंपी, भावसार अशा समाजांची घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि कन्नडचा सहवास घडून त्यांच्या मराठीला एक निराळेच वळण मिळाले आहे. साड्या आणि कापड यांच्या दुकानांनी गजबजलेल्या या पेठेखालून २०१७ पासून मेट्रोगाडी धावते, परंतु वरच्या गल्ल्या मात्र हातगाडीलाही वाट देताना कुरकुरतात. तेव्हा बेताची पहिली अडचण घराच्या दारातच उभी राहते. फिरते घर राहत्या घरापर्यंत येऊ शकत नाही. सामान रुंद रस्त्यावर नेऊन चढवावे लागते, आणि तेही पेठ जागी होण्यापूर्वी.

गाडी निवडताना शोभेपेक्षा कागदपत्रे अगोदर पाहावीत. जुनी बस विकत घेऊन मनास येईल तशी कापाकापी करणे कायद्यास मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने अशा बदलांना मर्यादा घातल्या आहेत. गाडीची नोंदणी मोटार कॅरॅव्हॅन म्हणून झालेली असावी. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोग्रॅमपर्यंतचे वाहन चालविता येते, आणि हे वजन मोकळ्या गाडीचे नसून भरलेल्या गाडीचे असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोग्रॅम भार, हा साधा हिशेब पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. भरलेली टाकी, गॅसची टाकी, बॅटऱ्या, अंथरुणे आणि पाचसहा माणसे यांचा भार चढला की उतारावर ब्रेकची खरी परीक्षा होते. पाण्याच्या टाकीइतकेच महत्त्व सांडपाण्याच्या आणि शौचाच्या टाकीला द्यावे. स्वच्छ पाणी कोठे भरावयाचे हे सारेच विचारतात. घाण पाणी कोठे रिते करावयाचे हे विचारणारा प्रवासी विरळा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघण्यापूर्वी ठरवून ठेवावे लागते, कारण अरण्याच्या कडेचा ओढा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

आता गंतव्य स्थान. बंगळूरहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर बंडीपूरचे राष्ट्रीय उद्यान आहे. म्हैसूरच्या महाराजांच्या या शिकारीच्या रानात १९३१ मध्ये सुमारे नव्वद चौरस किलोमीटरचे अभयस्थान निर्माण झाले. १९४१ मध्ये ते वाढवून सुमारे आठशे चौरस किलोमीटरचे करण्यात आले आणि त्यास वेणुगोपाळाचे नाव मिळाले. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत बंडीपूरची निवड झाली. आज राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारे ८७० चौरस किलोमीटर आहे. ज्या शहाजीराजांच्या काळात चिकपेटेत मराठी वस्ती रुजली, ते स्वतः १६६४ मध्ये होदिगेरेजवळ शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून निवर्तले. त्या काळी अरण्य हे राजाचे क्रीडास्थान होते. तेथे माणसाने पाहुण्यासारखे वागावे, ही कल्पना अगदी अलीकडची आहे.

या पाहुणेपणाचा नियम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापडतो. संरक्षित वनात परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही, परंतु सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणाऱ्यास मुभा आहे. या तरतुदीचा अर्थ प्रवाशाने नीट समजून घ्यावा. मुभा जाण्याची आहे, राहण्याची नव्हे. रस्त्याच्या कडेला गाडी लावून चहा उकळणे, तंबू ठोकणे, शेकोटी पेटविणे या गोष्टी परदेशातील छायाचित्रांत रम्य दिसतात. अमेरिकेतील कित्येक राष्ट्रीय उद्यानांत अशा गाड्यांसाठी आखलेल्या जागा असतात आणि त्या महिनोन्‌महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. बंडीपुरात खासगी गाडीने अरण्यात रात्र काढण्याची वाटच नाही. वनदर्शनही वनखात्याने ठरविलेल्या वाहनांतूनच घडते. ही कठोरता अकारण नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये या रानात लागलेल्या वणव्याने हजारो एकर वन होरपळले. बंडीपूर हे पानगळीचे कोरडे रान आहे. माघ-फाल्गुनात जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो, आणि त्यात माजलेली घाणेरीची झुडपे आगीला शिडी पुरवितात. तेथे एक ठिणगीही पुरेशी होते.

म्हणून या प्रवासाचे वेळापत्रक घरापासून पुढे नव्हे, तर अरण्याच्या फाटकापासून मागे आखावयाचे असते. बंडीपुरातून जाणारे हमरस्ते २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात वाहनांना बंद असतात. रुग्णवाहिका आणि ठरावीक मोजक्या बसगाड्या यांनाच सवलत आहे. नऊला फाटक मिटते, म्हणून गाडीने सूर्यास्तापूर्वीच मुक्कामी असावे. मुक्काम अरण्याबाहेर गुंडलुपेटच्या परिसरात करावा, आणि तोही अधिकृत परवाना असलेल्या निवासस्थानाच्या आवारात. गाडी उभी करण्यास जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था आहे की नाही, हे मालकाला आधीच विचारावे. उद्यानाभोवतीचा पट्टा २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला आहे. तेथील प्रत्येक पाटी परवानाधारकाचीच असते, असे गृहीत धरू नये.

पहाटे पाचला बंगळूर सोडले तर दिवस हाताशी राहतो. २०२३ मध्ये खुला झालेला द्रुतगती मार्ग म्हैसूर फार जवळ आणतो. परंतु ज्याला मुक्कामाची हौस आहे त्याने जुन्या वाटेवरील गावे विसरू नयेत. चन्नपट्टणची लाकडी खेळणी, मद्दूरचा खमंग वडा आणि श्रीरंगपट्टणची कावेरी यांसाठी तासभर वेचण्यास हरकत नाही. म्हैसूरपुढे कपिलेच्या काठी नंजनगुडचे श्रीकंठेश्वराचे देवालय लागते, आणि पुढे गुंडलुपेट. तेथे पाणी आणि इंधन भरून घ्यावे. येथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक बंडीपूर, मुदुमलै यांवरून उदकमंडलाकडे जातो, तर दुसरा केरळातील वायनाडकडे. जवळच हिमवद्‌ गोपालस्वामी बेट्ट हा सुमारे साडेचौदाशे मीटर उंचीचा डोंगर आहे. तेथे खासगी गाडी पायथ्याशी ठेवून सरकारी बसने वर जावे लागते. फिरत्या घराला येथेही उंबरठ्यावरच थांबणे प्राप्त आहे.

कोणत्या ऋतूत जावे, याचे उत्तर काय पाहावयाचे आहे यावर अवलंबून असते. पावसाळ्यानंतर रान हिरवेगार होते, पण दाट पाल्यात प्राणी दिसेनासे होतात. चैत्र-वैशाखात पाणवठे आटतात आणि हत्ती, गवे, चितळे उरलेल्या पाण्याशी येतात. शेजारच्या नागरहोळेला लागून असलेल्या कबिनी जलाशयाच्या काठी तर उन्हाळ्यात हत्तींचे मोठे कळप जमतात. तथापि बेतात एक दिवस मोकळा आणि मनात थोडी निराशा सोसण्याची तयारी अवश्य ठेवावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये वनालगतच्या गावांत वाघाच्या हल्ल्यांत शेतकरी दगावले, तेव्हा शासनाने बंडीपूर आणि नागरहोळे येथील वनदर्शन थांबविले आणि वनरक्षकांना वाघांच्या शोधार्थ पाठविले. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांचा हिरमोड झाला असेल. परंतु ज्याच्या घरातील माणूस शेतातून परत आला नाही, त्याच्या दुःखापुढे त्या हिरमोडाची मातब्बरी ती काय? निघण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करणे हा म्हणूनच निव्वळ उपचार समजू नये.

रात्रीच्या रस्ताबंदीबद्दलही दोन बाजू आहेत, आणि दोन्ही ऐकण्याजोग्या आहेत. बंडीपूर, नागरहोळे, मुदुमलै आणि वायनाड ही चार राने एकमेकांस जोडलेली आहेत. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ५,५२० चौरस किलोमीटरच्या निलगिरी जीवावरण क्षेत्राचा ती भाग आहेत. हत्तींच्या वाटा राज्यांच्या सीमा जाणत नाहीत. रात्री भरधाव गाड्यांखाली प्राणी मरू लागले, म्हणून बंदी आली. उलट वायनाडच्या शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा माल याच वाटेने जातो. त्याला हुणसूर, कुट्ट असा वळसा घ्यावा लागतो, आणि २०१९ मध्ये तेथे या बंदीविरुद्ध मोठे आंदोलनही झाले. रस्ता बंद ठेवण्याची किंमत कोणी तरी मोजीत असतो. सहलीला निघालेल्या कुटुंबाला ती मोजावी लागत नाही. त्याने फक्त घड्याळ पाळावयाचे असते. एवढेही न करणे हे दुसऱ्याने सोसलेल्या त्यागाची अवहेलना करण्यासारखे आहे.

वाटेतील शिस्तही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. रानातून जाताना गाडी मध्येच थांबवू नये, खाली उतरू नये, कर्णा वाजवू नये. वानरांना केळे देणे हे भूतदयेचे कृत्य वाटते. प्रत्यक्षात त्या केळ्यामुळे वानर रस्त्यावर बसू लागते आणि एके दिवशी चाकाखाली सापडते. कॅरॅव्हॅनमधील शिळे अन्न, साली आणि पिशव्या परत आणावयाच्या असतात, कारण अन्नाच्या वासाने हत्तीही गाडीजवळ येतो. पुढे निलगिरीत जावयाचे असेल तर मे २०२४ पासून आगाऊ प्रवेशनोंद लागते, आणि मसिनगुडीवरून चढणारा छत्तीस वळणांचा घाट अशा जड गाडीने टाळून गुडलूरची वाट धरावी.

फिरत्या घराने माणसाला खूपसे स्वातंत्र्य दिले आहे. त्याला हॉटेल शोधावे लागत नाही, परक्या बिछान्यावर निजावे लागत नाही. परंतु जेथे दुसऱ्याचे घर सुरू होते तेथे आपले घर थांबवावे, हा शेजारधर्म या स्वातंत्र्यालाही लागू आहे. चिकपेटेसारख्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लावून पिढ्या काढलेल्या माणसांना तो नव्याने शिकविण्याची गरज नाही. शेजाऱ्याच्या दारी कोणत्या वेळी जावे आणि कधी जाऊ नये, हे त्यांना ठाऊक असते. रात्री नऊनंतर बंडीपुरात अरण्याचे व्यवहार सुरू होतात. त्या वेळी गुंडलुपेटच्या बाजूला, दिवे मंद करून, अंधाराकडे पाहत स्वस्थ बसता आले, तर अरण्यात न राहताही अरण्याच्या सान्निध्याची रात्र पदरी पडते.