आरोपीचे हक्क कुणाच्या कामाचे?

दरोडा, पाच खून आणि बलात्कार. महाराष्ट्रातल्या 2003 सालच्या या प्रकरणात बचावलेल्या स्त्रीने अल्बममधल्या फोटोंवरून चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. खटला चालला भलत्याच सहा जणांवर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातल्या तिघांची आधीची जन्मठेप फाशीत बदलताना त्यांची बाजू ऐकलीच गेली नव्हती. पुढे प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले. आरोपीचे हक्क म्हणजे गुन्हेगाराचे लाड, असे ज्यांना वाटते त्यांनी तो अल्बम आठवून पाहावा.

आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो; गुन्हेगार तो पुराव्याने ठरतो. हे अंतर राखण्यासाठीच राज्यघटनेने पोलिसांवर काही बंधने घातली. कलम 22 प्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. कोठडीचे दार बंद झाले की आत काय चालले आहे ते बाहेर कळत नाही. म्हणून पोलिसांखेरीज तिसऱ्या कुणीतरी त्या माणसाला डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू. कलम 20 नुसार स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही. मारहाणीने मिळालेली कबुली तपास संपवते, पण खरे काय घडले ते सांगत नाही.

मग पीडितांच्या हक्कांचे काय, हा प्रश्न रास्तच आहे. पण निरपराध माणूस आत जातो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि त्यात पहिला अन्याय पीडितावरच होतो. हक्कांमुळे दोषी सुटतात म्हणावे, तर मुंबई हल्ल्यातल्या कसाबलाही सरकारी खर्चाने वकील मिळाला, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात त्याचे अपील ऐकले गेले. तरी 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात त्याला फाशी झालीच. पुरावा भक्कम असेल तर हक्क आड येत नाहीत. खटले रेंगाळतात हे खरे. त्यावर उपाय नेटका तपास आणि पुरेसे न्यायाधीश हा आहे, हक्क कापणे हा नव्हे. आणि एवढे लक्षात ठेवा: कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.