८७ पेक्षा ८८ स्वस्त कसा?

गॅस स्टेशनवर गाडी लावली की आपला हात सवयीने ८७ च्या बटनाकडे जातो. शेजारीच ८८ चे बटन असते आणि भाव चक्क कमी! आकडा मोठा आणि किंमत कमी, म्हणजे गडबड आहे असे आपल्या मराठी मनाला वाटणारच. गडबड नाही. अमेरिकेतले बहुतेक पेट्रोल मुळातच १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल घातलेले असते. ८८ मध्ये बहुधा १५ टक्के असते. पर्यावरण खात्याने त्याला २००१ व त्यानंतरच्या मोटारींसाठी परवानगी दिली आहे. मोटारसायकल, बोट, लॉन मोअर यांना मात्र ते चालत नाही. पंपावरचे नारिंगी-काळे लेबल एकदा थांबून वाचावे.

मात्र भाव पाहून हुरळून जाऊ नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे १५ टक्क्यांच्या मिश्रणावर शुद्ध पेट्रोलपेक्षा मायलेज चार-पाच टक्के घटते. ई-८५ (यात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असते) फक्त फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठीच. अशा गाडीचे टाकीचे झाकण बहुधा पिवळे असते, आणि मॅन्युअलमध्ये तसे लिहिलेले असतेच. साध्या गाडीत चुकून टाकी भरून ई-८५ गेले, तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला फोन लावावा.

पण खरी डोकेदुखी आहे ती पाण्याची. साधे पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही. इथेनॉलला मात्र पाण्याची भारी ओढ. १० टक्क्यांच्या मिश्रणात साठ डिग्री फॅरनहाइटला गॅलनमागे जेमतेम चार चमचे पाणी मावते, थंडीत त्याहून कमी. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्यासकट टाकीच्या तळाशी जाऊन बसते. इंजिन नेमके तिथूनच इंधन ओढते! मग कुठलीही बाटली ओतून ते पुन्हा एकत्र येत नाही, सगळे उपसून काढावे लागते.

आजच्या मोटारींची टाकी हवाबंद असते. त्यामुळे हिवाळ्यात आपण दोन महिने पुण्या-मुंबईला गेलो, तरी फारशी काळजी नको. जाताना टाकी भरून ठेवली की झाले. काळजी करायची ती गराजमधल्या लॉन मोअरची आणि स्नो ब्लोअरची. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे; नाहीतर ताज्या इंधनात स्टॅबिलायझर घालून पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचते. आणखी एक बारकी गोष्ट: एकाच नळीतून सगळी मिश्रणे येतात, तिथे आधीच्या गिऱ्हाइकाचे थोडे इंधन नळीत उरते. मोटारीला त्याचे काही नाही. पण एक गॅलनच्या कॅनमध्ये तो वाटा मोठा होतो. म्हणून आधी गाडीत भरा, मग कॅनमध्ये.

देशातही २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्क्यांचे मिश्रण मिळते, आणि आपल्या साखर कारखान्यांना त्यातून नवे गिऱ्हाईक मिळाले. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या मात्र त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या मोटारींचे मायलेज सहा-सात टक्के घटेल असे म्हटले होते. आईबाबांची जुनी गाडी सोसायटीत महिनोन्‌महिने उभी असेल, तर पुढच्या खेपेला मेकॅनिककडून रबरी नळ्या आणि गॅस्केट तेवढे तपासून घ्या.