दुपारी पीसी रडतो, रात्री पळतो? आधी झाकण उघडा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत पीसी दुपारी रेंगाळत असेल आणि रात्री बरा चालत असेल, तर लगेच व्हायरसच्या नावाने खडे फोडू नका. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. त्यात आपली धूळ, जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचे तंतूही. पंख्याखालच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, चक्क गादी बसते! पीसी बंद करा, प्लग काढा, झाकण उघडा, पंख्याचं पातं बोटाने धरा आणि मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं अजिबात नको.

मग झाकण लावून पीसी सुरू करा. तरीही रेंगाळत असेल, तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘स्टार्टअप’मधली बिनकामाची ॲप्स डिसेबल करा, अँटिव्हायरस मात्र राहू द्या.

‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसतेय? मग दुखणं बहुधा तिथंच. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. धुळ्यात काय नि जळगावात काय, दुकानात अनेकदा आधी रॅमच सुचवतात. माझं मत विचाराल तर ८ जीबी रॅम असल्यास पहिला खर्च एसएसडीवर. डिस्क बदलण्याआधी फोटो-कागदपत्रांची प्रत काढून ठेवा.

आणि ‘एका क्लिकमध्ये पीसी सुसाट’वाली फुकट ॲप्स? भाऊ, त्यांच्या वाटेला जाऊच नका!